शतावरीच्या पिशवीत मायकोरायझा टाकला, पण मुळाला लागलाच नाही

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात काम केलेल्या हाताला एक सवय असते. ‘पांढरी मुळी’ (नवी, कोवळी मुळं) चालावी म्हणून १२:६१:० या स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असलेल्या खताची आळवणी, म्हणजे पाण्यात विरघळवून मुळाशी ओतणं. शतावरीच्या रोपांनाही मी तीच दिली आणि पिशवीत मायकोरायझा, म्हणजे मुळांत राहणारी उपयुक्त बुरशी, हीसुद्धा टाकली. रोपं हिरवीगार दिसत होती, पण चाळीस दिवसांनी मुळं रंगवून पाहिली तर आत बुरशी जवळजवळ नाहीच.

ही बुरशी झाडाकडून साखर घेते आणि मुळाचा हात पोचत नाही तिथला स्फुरद आणून देते. स्फुरद आयताच मिळाला की झाड तिला दारात उभं करत नाही. त्यामुळे पाकिटाला दोष देण्याआधी मिश्रण पाहावं. माझ्या मिश्रणात निम्मी काळी माती, बाकी गांडूळखत आणि वर डीएपी हे स्फुरदाचं खत होतं. स्फुरद तिथेच भरपूर झाला. शिवाय काळी माती पिशवीत घट्ट बसते, पाणी धरून ठेवते आणि शतावरीची मांसल मुळं कुजतात.

आता आकारमानाने चार भाग कोकोपीट, तीन भाग त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती, दोन भाग जाड वाळू आणि एकच भाग गांडूळखत घेतो. नुसत्या कोकोपीटमध्ये मला बुरशी नीट धरलेली दिसली नाही, म्हणून माती हवीच. कोकोपीटची वीट भिजवून, निथळलेल्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) ०.५ mS/cm च्या खाली येईपर्यंत धुवायची. मग पाच किलोच्या विटेला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून रात्रभर ठेवायचं आणि पुन्हा धुवायचं. हे टाळलं तर कोकोपीट कॅल्शियम ओढून घेतं आणि शेंडे करपतात.

मायकोरायझा वर भुरभुरून उपयोग नाही, तो मुळाला टेकला पाहिजे. ट्रेमधलं रोप पिशवीत लावताना खड्ड्यात पाच ग्रॅम टाकायचा आणि मुळं थेट त्यावर ठेवायची. महिनाभर स्फुरदाचं कुठलंच खत नाही. नंतर स्फुरद नसलेलं १३:०:४५ खत लिटरला एक ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा. मर (रोपं सुकण्याचा रोग) दिसली की लगेच कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी करायचा मोह होतो, पण त्याने मायकोरायझाची बुरशीही मरते. आधी पाणी तोडावं. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी) द्यायचाच तर पंधरा दिवसांच्या अंतराने.

तपासणी घरीही होते, फक्त सूक्ष्मदर्शक मिळवावा लागतो. जाड कंद नको, बारीक तंतुमुळं घ्यावीत. १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये (हातमोजे घालून) ती पांढुरकी होईपर्यंत गरम करायची आणि चांगली धुवायची. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ टक्के फाउंटन पेनची शाई मिसळून त्यात तीन मिनिटं उकळायची, मग व्हिनेगरचे दोन थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची. प्रत्येक शाई चढतेच असं नाही, एकदोन बदलून पाहाव्यात. मुळाच्या पेशींमधून जाणारे निळे धागे आणि लंबगोल पुटिका (बुरशीच्या फुगीर पिशव्या) दिसल्या की बुरशी लागली.

मायकोरायझा न टाकलेल्या वीस पिशव्या मुद्दाम वेगळ्या ठेवतो. तांबड्या मातीतली मूळची बुरशी त्यांतही थोडी सापडतेच, आणि विकत घेतलेल्याची खरी किंमत या दोन्हींतल्या फरकावरूनच कळते. कंदातलं सॅपोनिन (शतावरीतला औषधी घटक) वाढतं असं पाकिटावर छापलेलं असतं. ते प्रयोगशाळेतून मोजून घेतल्याशिवाय मी गिऱ्हाइकाला सांगत नाही.