रस्त्याच्या कडेची जागा कुणाची?

आज सायंकाळी जळगावात फुले मार्केटच्या बाजूने जाताना दोन्ही कडांना उभ्या असलेल्या दुचाकींमधून केळीची हातगाडी पुढे काढणाऱ्या गृहस्थांची दमछाक पाहिली, आणि वाहन उभे करण्याचा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही, हे पटले.

कडेची जागा सार्वजनिक आहे. तेथे एकच गाडी दिवसभर उभी राहिली, तर दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि रिक्षातून उतरणाऱ्या वृद्धेला जागाच उरत नाही. हीच अडचण सोडवण्यासाठी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत १९३५ साली पहिला पार्किंग मीटर बसवला गेला. दर तासाला पाच सेंट मोजावे लागत असल्याने गाड्या हलू लागल्या. जपानने १९६२ साली त्याहून मूलभूत कायदा केला. तेथील शहरांत गाडी ठेवण्यास रस्त्याबाहेर जागा असल्याचा पोलिसांचा दाखला नसेल, तर सामान्यतः मोटारीची नोंदणीच होत नाही. मला हा नियम सर्वांत न्याय्य वाटतो, कारण तो खरेदीआधीच जबाबदारी ठरवतो.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ अडथळा होईल असे वाहन उभे करण्यास मनाई करते, परंतु पट्टे आणि फलक स्पष्ट नसतील तर नुसत्या दंडाने शिस्त येणार नाही. खानदेशातील जुन्या पेठांमधल्या घरांना वाहनतळ नाहीत. तेथील रहिवाशांना माफक शुल्कात परवाना द्यावा, बाजाररस्त्यावर तासाप्रमाणे आकारणी करावी आणि हातगाड्या व रुग्णवाहिकांची वाट आधी आखावी.