पूर्ण बिल भरूनही लागलेले व्याज

ऑक्टोबर २०१९ च्या माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलात एकही नवी खरेदी नव्हती, तरी त्यात २९२ रुपये देणे दाखवलेले होते. त्यांपैकी २४७ रुपये व्याजाचे होते आणि ४५ रुपये त्या व्याजावरील जीएसटीचे. आदल्या महिन्याचे बिल मी देय तारखेच्या दोन दिवस आधी, पैशापर्यंत पूर्ण भरले होते. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्याला व्याज लागत नाही, हे वाक्य मी अनेकांकडून ऐकले होते आणि इतरांना सांगितलेही होते. त्यामुळे बँकेचीच चूक झाली असावी, असे समजून मी आधीच्या तीन महिन्यांची बिले समोर घेऊन बसले. हिशोब करता करता लक्षात आले की चूक बँकेची नव्हती. ते वाक्य ज्या अटीवर उभे आहे, तिच्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

माझे बिल दर महिन्याच्या १८ तारखेला निघत असे आणि ते भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७ असे. म्हणजे २० जुलैला केलेली खरेदी १८ ऑगस्टच्या बिलात येई आणि तिचे पैसे ७ सप्टेंबरपर्यंत दिले तरी चालत. तब्बल ४९ दिवस ते पैसे बिनव्याजी वापरायला मिळत. तीच खरेदी १७ ऑगस्टला केली असती, तर मुदत अवघी २१ दिवसांची झाली असती. जाहिरातीत लिहिलेले ‘५० दिवसांपर्यंत बिनव्याजी’ यातील ‘पर्यंत’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी खरेदी करणाऱ्यालाच जवळजवळ पूर्ण मुदत मिळते.

त्या वर्षी २४ जुलैला मी ३८,००० रुपयांचा फ्रिज घेतला आणि १० ऑगस्टला २,६४० रुपयांची आणखी एक खरेदी केली. १८ ऑगस्टचे बिल आले ४०,६४० रुपयांचे. ७ सप्टेंबरला नेट बँकिंगवर रक्कम टाकताना मी ४०,००० भरले आणि उरलेले ६४० पुढच्या बिलाबरोबर देऊ, असे ठरवले. वाण्याच्या वहीत पिढ्यानपिढ्या असेच चालत आले आहे. चारशे-सहाशे रुपये मागे राहिले, तर वहीत तेवढेच मागे राहतात. दिलेल्या चाळीस हजारांवर वाणी मागाहून व्याज लावत नाही.

कार्डाचा हिशोब मात्र वेगळा असतो. बिनव्याजी मुदत ही बँकेने दिलेली सशर्त सवलत आहे आणि बिलाची संपूर्ण रक्कम देय तारखेपर्यंत पोहोचणे ही तिची अट आहे. ती अट मोडली की सवलत सुरुवातीपासूनच रद्द होते आणि व्याजाची मोजणी देय तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून होते. माझ्या कार्डाचा दर महिना ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के होता. ३८,००० रुपयांवर २४ जुलै ते ७ सप्टेंबर या ४५ दिवसांचे व्याज झाले सुमारे १,९६८ रुपये, २,६४० रुपयांवर २८ दिवसांचे ८५ रुपये आणि मागे राहिलेल्या ६४० रुपयांवर पुढच्या बिलापर्यंतच्या ११ दिवसांचे ८ रुपये. एकूण २,०६१ रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून आकडा २,४३२ रुपयांवर गेला. ६४० रुपये महिनाभर उशिरा देण्याची ही किंमत होती.

जीएसटीचा हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. गृहकर्ज किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही, परंतु क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही. त्यामुळे महिना ३.५ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात ४.१३ टक्क्यांवर जातो आणि वर्षाचा हिशोब साध्या व्याजानेही ४९ टक्क्यांच्या वर पोहोचतो.

एवढ्यावर प्रकरण थांबले नाही. मागील बिलातील काहीही बाकी असेल, तर त्या काळात केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. २५ ऑगस्टला मी विम्याचा १२,००० रुपयांचा हप्ता कार्डावर भरला होता, तेव्हा मागच्या बिलाची देय तारीख उलटलीदेखील नव्हती. तरीही १८ सप्टेंबरच्या बिलात त्यावर २४ दिवसांचे ३३१ रुपये व्याज आणि वर जीएसटी लागला. ते बिल पाहून मी हादरले आणि ५ ऑक्टोबरला संपूर्ण रक्कम भरून टाकली. परंतु बिल निघाले १८ सप्टेंबरला आणि पैसे पोहोचले ५ ऑक्टोबरला. मधल्या १७ दिवसांत १२,६४० रुपयांची मूळ बाकी उभीच होती आणि तिच्यावर रोज व्याज चढत होते. बिलावर छापलेला आकडा फक्त १८ तारखेपर्यंतचा होता. त्यानंतरचे व्याज पुढच्या बिलातच दिसणार होते. सुरुवातीला सांगितलेले २४७ रुपये ते हेच.

म्हणून एकदा बाकी राहिली असेल, तर बिलावरील आकडा भरून निश्चिंत होऊ नये. ग्राहक सेवेला फोन करून ‘आज खाते पूर्ण मिटवायचे असल्यास आजच्या व्याजासह किती भरावे लागतील’ असे विचारावे, तेवढी रक्कम त्याच दिवशी भरावी आणि पुढचे बिल येईपर्यंत त्या कार्डावर नवी खरेदी टाळावी. दिलेली रक्कम व्याजाच्या हिशोबात कशी वजा केली जाते, हे आपल्या कार्डाच्या अटींमध्ये उदाहरणासह दिलेले असते. तेवढे एक पान तरी प्रत्येकाने वाचायलाच हवे, असे मला मनापासून वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांमुळे काही गोष्टी सुधारल्या आहेत. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास आता मनाई आहे. देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली, तरच उशिराचा दंड लावता येतो आणि पत अहवालात नोंद करता येते. ही तीन दिवसांची सवलत दंडापुरती आणि नोंदीपुरती आहे. व्याजमाफीची मुदत तिने वाढते, असे कोणीही गृहीत धरू नये. दरावरील मर्यादेचा प्रश्न न्यायालयातही गेला होता. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये थकबाकीवर वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरवली होती, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. मला त्याचे वाईट वाटले, कारण दराची झळ बसते ती बहुतेक वेळा घरखर्चाची ओढाताण असणाऱ्यांनाच.

बिल नेहमी पूर्ण भरणाऱ्यालाही एका व्यवहारावर व्याज चुकत नाही, तो म्हणजे कार्डाने एटीएममधून काढलेली रोख रक्कम. तिला बिनव्याजी मुदत मुळातच नसते. पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज सुरू होते आणि रोख काढण्याचे शुल्क वेगळे लागते.

त्या प्रसंगानंतर मी बचत खात्यातून बिल आपोआप वळते होण्याची सोय करून घेतली. तो अर्ज भरताना ‘एकूण देय रक्कम’ आणि ‘किमान देय रक्कम’ असे दोन पर्याय समोर येतात. किमान रक्कम भरल्याने दंड टळतो, व्याज टळत नाही. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांच्या अर्जात दुसऱ्या पर्यायावर खूण झाली होती आणि दर महिन्याला खात्यातून पैसे जात असल्यामुळे, बिल पूर्ण भरले जात आहे, असेच ते सात महिने समजत होते. आता दर महिन्याच्या ८ तारखेला मी बचत खात्यातून गेलेली रक्कम आणि बिलावरील एकूण देय रक्कम शेजारी ठेवून पाहते.