हा दोर वर कुठे जातो?

शिडाच्या नौकांच्या प्रतिकृती हाताने बनवणे हा माझा व्यवसाय आहे. सांगाडा उभा राहिला, फळ्या बसल्या, रंग वाळला म्हणजे काम संपत आले असे या व्यवसायात जो समजतो, त्याचे वेळापत्रक हमखास कोलमडते, कारण उरलेल्या बारीकसारीक गोष्टींना जवळजवळ तितकाच वेळ लागतो आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आधीच्या सगळ्या कामाला धक्का न लावता करावी लागते. ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे तो अशाच एका कामाचा शेवटून दुसरा दिवस होता.

नौका एका डोलकाठीची होती. मूळ लांबी सुमारे १२ मीटर. मी ती १:२४ या प्रमाणात, म्हणजे ५० सेंटीमीटर लांबीची केली होती. मुख्य शीड चौकोनी, वरच्या कडेला गॅफ नावाची तिरपी काठी आणि खालच्या कडेला बूम नावाची आडवी काठी, आणि पुढे नाळेच्या बाजूला दोन त्रिकोणी शिडे. तरुणपणी अशाच नौकेवर बरीच वर्षे खलाशी असलेल्या एका वृद्ध गृहस्थांसाठी त्यांच्या मुलीने ती करवून घेतली होती. नौका दुसऱ्या दिवशी द्यायची होती, परंतु त्यांना ती आधी एकदा पाहायची होती, म्हणून दोघे त्या दिवशी दुपारी येणार होते.

सकाळी मी डोलकाठीच्या टोकावरचे निशाण घेतले. या निशाणाबाबत मी थोडा हट्टी आहे. पुष्कळ प्रतिकृतींमध्ये शिडे वाऱ्याने एका बाजूला फुगलेली असतात आणि निशाण मात्र सरळ मागे फडकत असते, जणू एकाच नौकेवर दोन वेगळे वारे वाहत आहेत. इंजिनावर चालणारे जहाज शांत हवेत पुढे जाते तेव्हा त्याचे निशाण मागे जाते, ते त्याच्या स्वतःच्या वेगामुळे. शिडाची नौका वाऱ्याच्या जोरावरच चालते; वारा पाठीमागून असेल तर ती त्याला मागे टाकू शकत नाही, आणि त्यामुळे निशाण पुढच्या दिशेलाच झुकते. माझ्या नौकेवर वारा डावीकडून आणि काहीसा मागून येत आहे असे मी धरले होते, बूम उजवीकडे बाहेर काढला होता, तेव्हा निशाणही उजवीकडे आणि किंचित पुढे जायला हवे होते. अतिशय पातळ टिश्यू कागद रंगवून, ओला असतानाच ब्रशच्या दांड्यावर गुंडाळून मी त्याला लाटा दिल्या आणि तो बसवला. शिडेही त्याच कागदाची होती. खऱ्या शिडाचे कापड एक मिलिमीटरच्या आसपास जाड असते. त्याला २४ ने भागले तर ०.०४ मिलिमीटर येते, आणि छपाईचा साधा कागददेखील याच्या दुपटीहून जाड असतो. म्हणूनच शिडावरची शिवण मी शिवत नाही, पेन्सिलीने आखतो. प्रत्यक्ष टाका घातला तर तो त्या प्रमाणात दोरखंडाएवढा दिसतो.

त्यानंतर वेटोळी. शिडे वर चढवणारे आणि आवरणारे दोर डेकवर येऊन खुंट्यांना आठच्या आकड्यासारखे गुंडाळले जातात आणि उरलेला दोर वेटोळे करून त्याच खुंटीवर टांगला जातो. खरा दोर स्वतःच्या वजनाने खाली लोंबतो. प्रतिकृतीतला दोरा लोंबत नाही, कारण लांबी २४ पटींनी कमी झाली की वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पटींनी कमी होते, आणि इतक्या हलक्या दोऱ्याला स्वतःचा ताठपणा मोडण्याइतकेही वजन उरत नाही. तो तारेच्या स्प्रिंगसारखा बाहेर उभा राहतो. म्हणून मी प्रत्येक वेटोळे दोन टाचण्यांभोवती गुंडाळतो, पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद त्याला पाजतो, अर्धवट वाळल्यावर चिमट्याने खाली ओढून लांबट करतो आणि मगच खुंटीवर चढवतो. झटपट चिकटणारा सुपरग्लू मी येथे वापरत नाही. त्याने दोरा कडक आणि ठिसूळ होतो आणि आजूबाजूला पांढरट डाग उमटतात.

त्या सकाळी मी अशी अकरा वेटोळी केली. डेकवर येणारे दोर मात्र नऊच होते. मुख्य शिडाच्या गॅफचे दोन, पुढच्या शिडांना वर चढवणारे दोन, त्या शिडांना दोन्ही बाजूंनी आवरणारे चार आणि बूम आवरणारा एक. डेकच्या आराखड्यात डोलकाठीच्या दोन्ही अंगांना एकेक खुंटी जास्त होती, आणि शिडांच्या आराखड्यात तिच्यापर्यंत येणारा दोर काढलेला नव्हता. रिकाम्या खुंट्या डोळ्यांना खटकत होत्या, म्हणून मी दोन वेटोळी जास्तीची करून त्यांवर अडकवली. दिसायला ती उत्तम दिसली. नांगर डेकवर बांधून टाकला, पाणरेषेवरचा उडालेला रंग दुरुस्त केला, आणि दोन वाजता बाप-लेक आले.

फळ्यांच्या ज्या जोडकामावर माझे तीन महिने गेले होते, तिकडे त्या गृहस्थांनी पाहिलेही नाही. चष्मा बदलून ते डोलकाठीच्या पायथ्याशी वाकले आणि एक दातकोरणी मागून घेऊन तिच्या टोकाने, स्पर्श न करता, एकेक दोर खालून वर तपासू लागले. पहिला दोर गॅफच्या बुंध्याला गेला, दुसरा गॅफच्या टोकाला. हे दोन दोर दोन विरुद्ध बाजूंना आहेत हे पाहून त्यांनी मान हलवली, कारण दोघे खलाशी दोन्हींकडून एकदम ओढतात तेव्हाच गॅफ आडवी राहून वर जाते. मग दातकोरणी उजवीकडच्या शेवटच्या खुंटीवर आली आणि थांबली.

“हा दोर वर कुठे जातो?”

मी खरे सांगितले, की तो कुठेही जात नाही, शोभेसाठी आहे.

ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. “मग शीड उतरवल्यावर बूम कोणाच्या डोक्यावर पडेल?” एवढेच त्यांनी विचारले.

मला तो दोर माहीत नव्हता असे नाही. त्याला टॉपिंग लिफ्ट म्हणतात. तो बूमच्या टोकापासून डोलकाठीच्या माथ्यावरच्या कप्पीतून खाली डेकवर येतो. शीड चढलेले असते तेव्हा बूमचा भार शिडाची मागची कडच पेलून धरते. शीड खाली घेतले की हा दोर नसेल तर ते जड लाकूड सरळ डेकवर आदळते. मोठ्या बूमला तो शिडाच्या दोन्ही बाजूंनी असा जोडीने असतो. आराखड्यात तो नव्हता हे खरे असले तरी ते माझे निमित्तच होते. शिडाच्या सुंदर पांढऱ्या पृष्ठावरून तिरपा दोरा गेलेला मला आवडत नाही, म्हणून मी चौकशी न करता तो गाळला होता आणि त्याच्या खुंट्या झाकण्यासाठी खोटी वेटोळी टांगली होती. निशाण कोणत्या दिशेला फडकते यावर सकाळभर जे तर्कशास्त्र मी चालवले होते, ते डेकपर्यंत पोहोचलेच नव्हते.

मी त्यांना विचारले, की या दोरांची खुंटी हीच का. त्यांनी मला नौका फिरवून नाळ त्यांच्यापासून दूर करायला सांगितली, म्हणजे ते स्वतः मागच्या बाजूस उभे आहेत असे झाले, आणि मग क्षणभर डोळे मिटून प्रथम उजवा, नंतर डावा हात पुढे केला. “हीच. रात्री दिवा नसतो. दोर हाताला सापडला पाहिजे, म्हणून कुठल्याही दोराची जागा कधी बदलायची नाही.” त्यांच्या मुलीला वाटले की आता नौका मिळायला उशीर होणार, आणि ती त्यांना म्हणाली, “बाबा, राहू द्या ना, कोणाला कळणार आहे?” त्यावर ते काही बोलले नाहीत. मी म्हणालो, की उद्याच मिळेल.

पूर्ण सजलेल्या प्रतिकृतीवर नवा दोर चढवणे हे भरलेल्या कपाटात सर्वांत मागची वस्तू ठेवण्यासारखे असते. मूळ १४ मिलिमीटरच्या दोरासाठी मी ०.६ मिलिमीटरचा फिक्या रंगाचा दोरा घेतला. डोलकाठीला आधार देणारे पक्के दोर डांबराने काळपट असतात, हलते दोर तसे नसतात. दोऱ्यावरची लव मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवून जाळली आणि त्याला मधमाशांचे मेण लावले. खरी अडचण वर होती, कारण डोलकाठीच्या माथ्याभोवती इतके दोर आधीच आले होते की सहा मिलिमीटरच्या दोन कप्प्या तेथे बांधायला बोटे पोहोचत नव्हती. सुईचे टोक वाकवून केलेल्या आकड्याने मी ते काम केले. त्यात एकदा घाई झाली, आणि जो सुपरग्लू मी दोऱ्यांजवळ आणत नाही असे वर मोठ्या तोऱ्यात लिहिले आहे त्याचाच एक थेंब काळ्या दोरावर पडला. डाग पांढरा व्हायचा तो झालाच. पातळ काळपट रंगाने तो झाकावा लागला.

डावीकडचा, म्हणजे वाऱ्याकडचा दोर मी आधी बांधला आणि तो छान ताणला. ताणताच बूमचे टोक दोन मिलिमीटर वर उचलले गेले आणि शिडाची मागची कड ढिली पडून तिच्यावर सुरकुती आली. चूक समजायला वेळ लागला नाही. शीड चढलेले असताना बूमचे ओझे या दोराने घ्यायचेच नसते. तो सोडून, केवळ सरळ दिसेल इतकाच ठेवून पुन्हा बांधला, तेव्हा सुरकुती गेली.

उजवीकडचा अधिक कठीण होता. वाऱ्यापलीकडे शिडाचा फुगवटा असतो. तेथील दोर ताठ ठेवला तर तो शिडात रुतून त्याचा आकार मोडतो, म्हणून खलाशी तो सैल सोडतात. आता सैल दोर म्हणजे खाली झुकलेली कमान, आणि सकाळच्या वेटोळ्यांची जी अडचण होती तीच येथे अडीच वितींच्या लांबीवर पसरून समोर आली. दोरा झुकायला तयारच नव्हता. सैल केला की मध्येच कोपरासारखा बाहेर यायचा. दोनदा काढून टाकला. शेवटी त्याला पातळ गोंद पाजला, शिवणकामाच्या सात टाचण्या आकड्यासारख्या वाकवून त्यावर सारख्या अंतरांवर टांगल्या, आणि गोंद शिडाला लागू नये म्हणून मध्ये प्लास्टिकचा पातळ पत्रा धरला. टाचण्यांच्या वजनाने कमान आली. मग दोन तास मी खोलीतला पंखा बंद ठेवून खोट्या वेटोळ्यांची कामे मार्गी लावली, म्हणजे ती काढून टाकली, आणि खाली आलेल्या खऱ्या दोरांची टोके खुंट्यांना गुंडाळून त्यांतूनच नवी वेटोळी केली. जुनी अधिक सुबक होती, हेही नोंदवले पाहिजे.

रात्री साडेनऊला टाचण्या काढल्या. कमान टिकली. मी दोन छायाचित्रे काढून त्यांच्या मुलीला पाठवली आणि पत्र्याचा तुकडा, चिमटे, आकडे आवरायला घेतले. पंधरा मिनिटांत तिचा निरोप आला: “बाबा म्हणतात, उजवीकडचा अजून थोडा सैल हवा.”

पांढऱ्या गोंदाचा एक गुण असा, की पाण्याने तो पुन्हा नरम होतो. मी बारीक ब्रशने दोरा ओला केला, खुंटीवरचा एक फेरा सोडला, चार मिलिमीटर दोरा वर जाऊ दिला आणि सातही टाचण्या पुन्हा टांगल्या.