आमची वाटचाल : लग्नपत्रिकांपासून बाबल्या हेरापर्यंत

कुडाळात आमचा छोटा छापखाना. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं यांवर वर्ष निघायचं. लग्नसराई सरली आणि मिरग लागला की मशीन थंड. अशाच एका पावसाळ्यात, बालवाडीत शिकवणाऱ्या माझ्या बायकोने मुलांसाठी प्राण्यांची हेरकथा लिहायला घेतली. तिची अट एकच : गोष्टीत सिंह-जिराफ नकोत, आपल्या पुळणीवरचे आणि डोंगरातले प्राणी हवेत.

हेर ठरला शंखात राहणारा खेकडा, बाबल्या. वेषांतर त्याच्या रक्तातच! अंग वाढलं की तो जुना शंख सोडून मोठा शोधतो, शंख नाही मिळाला तर बाटलीच्या झाकणातही शिरतो. त्याचा जोडीदार खवल्या, म्हणजे खवले मांजर. त्याला दात नाहीत, मुंग्या-वाळवी जिभेने टिपून खातो आणि जरा खुट्ट झालं की अंगाची गुंडाळी करतो. आमच्या गोष्टीत पाठलाग ऐन रंगात आला की खवल्या हमखास गुंडाळी होऊन उतारावरून गडगडतो. बालवाडी तिथे हसून लोळते.

पहिलं प्रकरण : कासवाची पिल्लं गेली कुठे? संशय कोल्ह्यावर. तो शपथेवर सांगतो, "मी खंयच जावक नाय, रे बाबल्या!" शेवटी वाळूतले वल्ह्यासारखे बारीक ठसे समुद्राकडे नव्हे, उलट एका हॉटेलच्या झगझगीत दिव्याकडे गेलेले सापडतात. पिल्लं रात्री बाहेर पडतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात, म्हणून खरा गुन्हेगार तो दिवा. हेराची प्रत्येक युक्ती त्या प्राण्याच्या खऱ्या सवयीतूनच यायला हवी, हा नियम आम्ही कधीच मोडत नाही. चष्मा-टोपी घातलेला खेकडा काढणं सोपं आहे, पण मुलं किनाऱ्यावर जाऊन शंख उलटा करून बघतात ती या नियमामुळे.

पुस्तकाचा घाट मिळाला पिंगुळीत. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी आम्ही लहानपणापासून पाहत आलो. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या तालुक्याची मान उंचावली. चित्रकथीची पोथी सुट्या पानांची, एकेक चित्र दाखवत गोष्ट गायची. आम्हीही बांधणी सोडली आणि जाड कार्डाची सुटी पानं केली. पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पानाच्या पाठीवर छापतो. दाखवून झालेलं पान मागे सरकवलं की पुढच्या चित्राचा मजकूर आपसूक बाईंच्या डोळ्यांसमोर येतो. हा क्रम जुळवायला आमचे कामगार पहिल्यांदा कोरे कागद हातात धरून एकमेकांना गोष्ट सांगत बसले होते.

आपल्याकडच्या दमट हवेत कार्ड वाकतं, म्हणून दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करतो. खर्च वाढतो, पण बालवाडीत चिकट हातांनी हाताळलेला संच वर्षभर टिकतो. विक्री मुख्यतः गणपतीत आणि मे महिन्यात, चाकरमानी घरी येतात तेव्हा. मुंबईतल्या नातवंडांसाठी संच नेणारे आजी-आजोबा मालवणी संवाद तसेच ठेवा म्हणून बजावतात, आणि आम्ही ते ठेवतोच.

आता तिलारीतल्या पाणमांजरांच्या टोळीची गोष्ट छपाईला आहे. पाणमांजरं कळपाने मिळून मासे पकडतात, त्यामुळे या वेळी बाबल्याला एक नव्हे, अख्खी हेरसेना मिळाली आहे. गणपतीआधी संच दुकानात येईल.