‘पोट पाडलं, त्याच्यानंच झाला का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, तेरवीत, कापूस वेचताना हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारून झाला. कोणी तोंडावर, कोणी माझ्या जावेजवळ: “चौथ्या वेळी पोट पाडलं, त्याच्यानंच झाला असन का व?” नाही. माझा स्तनाचा कॅन्सर त्यानं झाला नाही.

गावाला हे कळलं कसं? नागपूरच्या दवाखान्यात कागद भरणारी मुलगी एकेक विचारत होती. पाळी कितव्या वर्षी आली? पहिलं बाळंतपण कधी? अंगावर किती पाजलं? सासूबाई शेजारीच होत्या, माझ्याआधी त्याच उत्तरं देत होत्या. “तिन्ही लेकरायले दोन-दोन वर्सं पाजलं हिनं.” अभिमान होता त्यात. मग मुलीनं वर न पाहता विचारलं, “गर्भपात?” “नाही व माय, तसलं काही नाही.” मी नवऱ्याकडे पाहिलं. ते भिंतीवरचं पोस्टर वाचत होते. उपचारात काही चुकू नये म्हणून मीच बोलले, “एक. करून घेतलेला.” तिनं ‘जी ४, पी ३, ए १’ लिहिलं, म्हणजे चारदा दिवस गेले, तीन बाळंतपणं, एक गर्भपात, आणि पुढचा प्रश्न विचारला. परतीच्या एसटीत सासूबाई दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी गावभर झालं होतं.

२०१७ चं साल होतं. गुलाबी बोंडअळीनं कपाशी गेली होती, घरात तीन लेकरं होती. चौथं नको हे आम्ही दोघांनी ठरवलं, आणि कायद्यानं केलं. याची लाज मला तेव्हा नव्हती, आता का वाटावी?

२००४ साली ‘लॅन्सेट’ या डॉक्टरी मासिकात १६ देशांतल्या ५३ अभ्यासांची, कॅन्सर झालेल्या ८३ हजार बायांची माहिती एकत्र तपासून छापली. गर्भपातानं स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढत नाही, असं निघालं. आधीच्या काही अभ्यासांत वाढ दिसली होती, कारण आजारी बाई विचारल्यावर सगळं सांगते, धडधाकट बाई लपवते. मी नाही का सांगितलं? गाठ नसती तर मेले तरी सांगितलं नसतं.

मग म्हणता, “इतकं पाजलं, तरी कसा झाला?” बाळंतपणानं, पाजण्यानं धोका कमी होतो हे खरंच आहे. २००२ च्या अशाच मोठ्या तपासणीत दर बाळंतपणामागे ७ टक्के आणि पाजण्याच्या दर वर्षामागे ४.३ टक्के घट दिसली. घट म्हणजे हमी नाही. गाठीच्या पेशींत ईआर, पीआर (हार्मोन पकडणारे) आणि हर-टू नावाचं प्रथिन आहे का ते पाहतात; माझा रिपोर्ट तिन्ही निगेटिव्ह. म्हणून हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत, केमो घ्यावी लागली. गाठीच्या पेशी कशा आहेत एवढंच त्या कागदावर आहे. मी काय केलं, काय नाही, ते त्यात कुठेच नाही.

तरी केमोनंतरच्या रात्री माझंच मन मला तुमचा प्रश्न विचारायचं. मी त्याला ५३ अभ्यास सांगायची. ते ऐकायचं नाही. अजूनही दरवेळी ऐकतं असं नाही.

तिन्ही निगेटिव्ह म्हणून डॉक्टरांनी बीआरसीए जनुकांची तपासणी सांगितली आहे; त्यांत दोष असला तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो. दोष निघाला तर तो बहुधा माझ्या आईकडून नाहीतर बापाकडून आलेला, आणि प्रत्येक लेकराकडे जायची शक्यता निम्मी. सासूबाई म्हणतात, पोरीचं लग्न होऊ दे, मग तपास. मला संताप येतो त्या बोलण्याचा. पोरीला कळायलाच हवं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलंय. रक्त मात्र अजून दिलेलं नाही.