सरळ रेघ, नागमोडी रेघ

मंगळवार, रात्री साडेदहा

पिशवी अजून रिकामी केलेली नाही. तिच्यात माझ्याच लेखाच्या दहा प्रती आहेत आणि दहाही प्रतींवर पेन्सिलीच्या खुणा आहेत. झोपायच्या आधी हे लिहून काढायला हवं. सकाळी कामाला लागले की आजचं अर्धंअधिक विरून जाईल.

आज माझी पाळी होती. कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या लेखन कार्यशाळेत दर मंगळवारी दोघांच्या लिखाणावर बोलणं होतं. ज्याची पाळी असेल त्याने आठवडाभर आधी प्रती वाटायच्या. बाकीच्यांनी घरी दोनदा वाचून यायचं, पहिल्यांदा पेन्सिल बाजूला ठेवून आणि दुसऱ्यांदा हातात घेऊन. जे शब्द मनात रुतले त्यांच्याखाली सरळ रेघ मारायची. जिथे अडखळायला झालं, खोटं वाटलं, लक्ष उडालं, तिथे नागमोडी. समासात दुरुस्त्या लिहायच्या नाहीत. ‘मी असं लिहिलं असतं’ हे तर वर्गात उच्चारायचंही नाही, यावर बाई फार कडक आहेत. पाळी असलेल्याने सुरुवातीला एक पान मोठ्याने वाचायचं आणि मग वीस मिनिटं गप्प बसून ऐकायचं.

माझा लेख आईवर होता. अर्धांगाचा झटका आल्यावर तिची वाचा गेली. एकच शब्द उरला, बघ. त्यानंतरची अडीच वर्षं ती तेवढ्या एका शब्दावर जगली. चार पानांचा हा लेख मी पाच महिने लिहीत होते आणि त्याच्या पहिल्या वाक्यावर माझा फार जीव होता: ‘शब्दांच्या अथांग सागरातून आई एका निर्जन बेटावर येऊन पडली होती.’ हे वाक्य सुचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आठ प्रतींवर त्या वाक्याखाली नागमोडी रेघ आहे.

तिसऱ्या पानावर दोन-तीन ओळी होत्या, घाईत लिहिलेल्या. ‘चष्मा हवा असला की बघ. खिडकी लावायची असली की बघ. मला रडू आलं की माझ्या डोक्यावर डावा हात ठेवून बघ.’ त्या ओळींखाली दहाही प्रतींवर सरळ रेघ आहे. एका प्रतीवर तर पेन्सिल इतकी दाबली गेलीय की कागदाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर ती रेघ हाताला लागते.

वर्गात एक काका आहेत, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, “बेटावर मला आई दिसल्या नाहीत. डावा हात आला आणि दिसल्या.” एवढंच बोलून ते थांबले. मग कोपऱ्यात बसणारा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मुलगा म्हणाला, “आई ‘बघ’ म्हणाली की मुलगी काय म्हणायची? चार पानांत ती कुठे बोलतच नाही.”

मला उत्तर द्यायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण वीस मिनिटं संपली नव्हती, म्हणून बाईंनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. मी हातातलं पेन घट्ट धरून बसले. सांगायचं सगळं आत होतं आणि बाहेर काढायला वाट नव्हती. आईजवळ अडीच वर्षं बसून जे मला कळलं नव्हतं, त्यातलं थोडंसं आज त्या खुर्चीत कळलं.

वीस मिनिटांनंतर बोलायची परवानगी मिळाली तेव्हा लक्षात आलं की ओठांवर आलेलं ते उत्तर खरं नव्हतंच. मी म्हणणार होते, ‘हो आई, बघते.’ असं मी सुरुवातीला म्हणायची. नंतर काय म्हणायची ते आठवेना.

बुधवार

वर्गातल्या एक ताई परिचारिका आहेत, बहुधा रात्रपाळीत. सकाळी त्यांचा लांब निरोप आला होता. 1861 साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या शल्यचिकित्सकाने एक रुग्ण तपासला होता. त्या माणसाचं खरं नाव लबोर्न्य, पण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तो ‘टॅन’ एवढंच म्हणत असल्याने रुग्णालयात सगळे त्याला टॅनच म्हणत. त्याला बोललेलं कळायचं. आवाजाच्या चढउतारातून आणि हातवाऱ्यांतून तो पुष्कळ काही सांगायचा. तो वारल्यावर ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला, डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला होता. बोलण्याशी त्या भागाचा संबंध आहे हे त्यावरून मांडलं गेलं. मेंदूच्या त्या जागेला आजही ब्रोकाचंच नाव आहे.

खाली ताईंनी लिहिलं होतं, “तुमच्या आईंचा उजवा हात गेला असणार, म्हणून डावा.”

हो. उजवाच गेला होता. लेखात मी ते कुठेही लिहिलं नव्हतं. एका अवयवाचं नाव नेमकं आलं तर वाचणाऱ्याला न लिहिलेलंही दिसतं, हे पुस्तकात वाचून मला कधी पटलं नसतं.

दिवसभर टॅनचा विचार डोक्यात होता. वैद्यकाच्या इतिहासात त्याचा शब्दच त्याचं नाव झाला. तो प्रत्येक वेळी त्या शब्दातून नेमकं काय मागत होता, हे त्याच्या खाटेपाशी बसणाऱ्या कुणी लिहून ठेवलं असेल का?

शुक्रवार

लिहायला बसले, पण लेखाला हात लावावासा वाटला नाही. त्याऐवजी या कॉलेजबद्दल लिहिते, कारण एवढ्या वर्षांनी मला कुणी विद्यार्थिनी म्हणतं ते इथेच.

अमेरिकेत अशा सार्वजनिक दोन वर्षांच्या कॉलेजांची सुरुवात 1901 साली इलिनॉयमधल्या जोलिएटला झाली, आणि तीही फक्त 6 विद्यार्थ्यांवर. त्या वेळी त्यांना ज्युनियर कॉलेज म्हणत. 1947 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर कम्युनिटी कॉलेज हे नाव रुळलं. घराजवळ असावं, परवडावं, नोकरी सांभाळून शिकता यावं आणि दार सगळ्यांना उघडं असावं, ही त्यामागची कल्पना. म्हणूनच माझ्या वर्गात एका टेबलापाशी निवृत्त चालक, परिचारिका, अठरा वर्षांचा मुलगा आणि मी असे सगळे बसतो. बाहेर आम्ही एकमेकांना भेटलो असतो का? बसमध्ये भेटलोही असू. पण एकमेकांची आई, एकमेकांची भीती अशी हातात घेतली नसती.

लेखन कार्यशाळा म्हटलं की सगळ्यांना आयोवा विद्यापीठ आठवतं. तिथली प्रसिद्ध कार्यशाळा 1936 साली सुरू झाली, आणि लेखकाने गप्प बसून ऐकायची ही रीतही तिच्याशीच जोडली जाते. मला मात्र 1936 साल दुसऱ्या एका गोष्टीसाठी लक्षात ठेवावंसं वाटतं. त्याच वर्षी शिकागोतल्या विल्सन ज्युनियर कॉलेजमधून ग्वेंडोलिन ब्रूक्स पदवी घेऊन बाहेर पडल्या. पुढे 1941 मध्ये त्यांनी शहराच्या दक्षिण भागातल्या कम्युनिटी आर्ट सेंटरमध्ये कवितेच्या कार्यशाळेत भाग घेतला आणि 1950 मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. दोन वर्षांचं साधं कॉलेज आणि मोहल्ल्यातलं कला केंद्र. वर्गात उशिरा पोहोचले आणि मागच्या खुर्चीत बसावं लागलं की मला ब्रूक्सबाई आठवतात आणि बरं वाटतं.

गप्प बसण्याच्या रीतीवर पुष्कळ टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. लेखकाचं जग बाकीच्यांना परकं असेल तर चुकीच्या समजुतीवर तासभर चर्चा झडते आणि तो बिचारा ते खोडूनही काढू शकत नाही. आमच्या बाईंनी म्हणूनच वेळ वीस मिनिटांवर आणला आहे, आणि नंतरची वीस मिनिटं लेखकाची. त्यात तो प्रश्न विचारतो, बाकीचे उत्तर देतात. मला ही वाटणी योग्य वाटते. गप्प बसण्यात फायदा आहे, पण तो थोड्या वेळापुरता. त्यापुढे ती शिक्षा होते.

मंगळवार

आज बाईंनी सुरुवातीलाच दहा मिनिटांचं मुक्तलेखन घेतलं. हात थांबवायचा नाही, खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही. काहीच सुचलं नाही तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असं लिहीत राहायचं. पीटर एल्बो या अध्यापकांनी 1973 मध्ये पुस्तक लिहून ही पद्धत घरोघरी पोहोचवली. विषय ज्याचा त्याने घ्यायचा होता. मी त्या मुलाचा प्रश्न घेतला: मुलगी काय म्हणायची?

पहिल्या पानावर नुसता गोंधळ आहे. ‘काय हवंय? पाणी? पांघरूण? औषध? कूस बदलायचीय? दिवा लावू? मालवू?’ मी खरंच असं करायची. आई ‘बघ’ म्हणाली की मी यादी म्हणायला लागायची. तिसऱ्या-चौथ्या शब्दापर्यंत तिचा चेहरा उतरायचा, आणि ती डाव्या हाताने गादीवर थाप मारायची. मारायची म्हणजे जोर कुठे होता, नुसता हात पडायचा.

मग सातव्या-आठव्या मिनिटाला हाताने आपणहून लिहिलं: ‘एक दिवस मी दमले होते, विचारलंच नाही. ती बघत होती तिकडे बघितलं. पडद्याच्या कडीतून एक आकडा सुटला होता आणि उन्हाची तिरीप नेमकी तिच्या डोळ्यांवर येत होती.’

मी पडदा सरकवला होता, हे मला आठवलं. ती हसली होती, हेही. त्यानंतर मी यादी म्हणायची सोडली. ती ‘बघ’ म्हणाली की मी तिच्या डोळ्यांच्या रेषेत बघायची. म्हणजे अडीच वर्षं ती जे सांगत होती, ते त्या शब्दाच्या अर्थातच होतं. मी त्याला तुटकं उरलेलं एक अक्षर समजत होते, आणि लेखातही तसंच लिहून बसले होते.

लिहून झाल्यावर कुणी कुणाला वाचून दाखवायचं नाही असा नियम आहे, ते पान आपलं आपल्यापाशी. मी वही मिटली आणि प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आले.

शनिवार

सागर गेला, बेट गेलं. पहिली दीड पानं गेली. आता लेख पडद्याच्या आकड्यापासून सुरू होतो. अडीच पानं उरली आहेत आणि मला ती पुरेशी वाटतात.

गुरुवार, रात्री

आज ग्रंथालयात ओपन माइक होता. एप्रिल चालू आहे, म्हणजे कवितेचा महिना. अमेरिकेतल्या कवींच्या अकादमीने 1996 मध्ये तो सुरू केला, तेव्हापासून अशा कॉलेजांमध्ये एप्रिलभर काही ना काही चालू असतं. भिंतीवर दोऱ्या बांधून कविता टांगल्या होत्या. जुन्या वर्तमानपत्राच्या कात्रणांवर काळ्या शाईने नको ते शब्द झाकायचे आणि उरलेल्यांतून कविता काढायची, असंही एक टेबल होतं. तिथे इतकी गर्दी होती की मला जागाच मिळाली नाही.

यादीत नाव लिहायचं, पाच मिनिटं मिळायची. एका विद्यार्थ्याने उभ्याउभ्या पाठ केलेली कविता म्हटली, अंगात आल्यासारखी. अशा मंचीय कवितेच्या स्पर्धा 1986 च्या सुमारास शिकागोत मार्क स्मिथ या बांधकाम मजुराने एका क्लबात सुरू केल्या होत्या, हे बाईंनी निवेदनात सांगितलं तेव्हा बसवाल्या काकांनी जोरात टाळी वाजवली. त्यांचा नंबर माझ्या आधी होता. पहाटेच्या पहिल्या फेरीत रोज एकच प्रवासी चढायचा, त्याच्यावर त्यांनी लिहिलं होतं. एका ओळीत त्यांचा आवाज अडकला. त्यांनी कागद खाली घेतला, घसा खाकरला आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. सभागृहात कुणी हललं नाही.

मी अडीच पानं वाचली. पाठीवर घाम आला होता. ‘बघ’ हा शब्द घरी वाचताना मी प्रत्येक वेळी त्याच सुरात वाचत होते, माइकसमोर मात्र तो आपोआप वेगवेगळा आला. चष्म्याचा वेगळा, खिडकीचा वेगळा. शेवटच्या वेळी तर तो आईच्या आवाजासारखाच आला आणि मला क्षणभर पुढची ओळ दिसेना.

खाली उतरल्यावर तो पहिल्या वर्षातला मुलगा भेटला. म्हणाला, “पडदा मला लेखात नव्हता आठवत.” मी म्हटलं, “तुम्ही विचारलंत म्हणून आला.” तो एवढा लाजला की त्याने पाठीवरची सॅक काढून पुन्हा घातली.

सोमवार

कॉलेजच्या वार्षिकांकात लेख घेतला आहे. निवड नावं झाकून होते, त्यामुळे कुणाचा कोणता लेख हे मंडळाला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. आज मुद्रितं तपासायला बोलावलं होतं. संपादक मंडळातल्या मुलीने विचारलं, “‘बघ’ला प्रत्येक ठिकाणी अवतरणचिन्हं आहेत. ती ठेवायची का?”

मी खिडकीपाशी जाऊन लेख दोनदा हलक्या आवाजात वाचला. चिन्हांमुळे तो शब्द प्रत्येक वेळी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा दिसत होता. लेखात तो 9 वेळा येतो. 18 चिन्हं खोडली आणि प्रत तिच्या हातात दिली.