बाटलीतल्या अँटिबॉडीआधी काचेवरची

पेम्ब्रोलिझुमॅब आणि डोस्टार्लिमॅब या बाटलीतल्या अँटिबॉड्यांची नावं आता मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रुग्णांच्या घरच्यांनाही तोंडपाठ झाली आहेत. पण ही औषधं लागू पडतात ती डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच बंद पडलेल्या गाठींवर, आणि चौथ्या टप्प्यातल्या शंभर रुग्णांत अशा गाठी जेमतेम चार-पाच निघतात. त्या हुडकण्याचं काम पॅथॉलॉजीच्या काचेवर (गाठीचा पातळ काप ठेवलेल्या स्लाइडवर) होतं, तेही अँटिबॉड्यांनीच. औषध चाललं नाही की सगळे बाटलीकडे बोट दाखवतात. फ्रान्समधल्या एका गटाने २०१९ साली उलटी वाट धरली. ३८ रुग्णांपैकी ५ जणांची गाठ औषधाला सुरुवातीपासून अजिबात दाद देत नव्हती. त्या पाचांचे नमुने पुन्हा तपासल्यावर तिघांचा मूळ रिपोर्टच चुकलेला निघाला.

आधी बिघाड काय ते पाहू. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा एकच अक्षर ओळीने पंचवीस-सव्वीसदा आलं की नक्कल करणारं एन्झाइम घसरतं, एखादं अक्षर जास्त किंवा कमी पडतं. ही घसरण निस्तरायला एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनं असतात. ती नसली की चुका साठत जातात, जनुकाची वाचनचौकट सरकते आणि शरीराने कधी न पाहिलेले प्रथिनांचे तुकडे तयार होतात. टी-पेशी हे तुकडे ओळखतात, गाठीत घुसतातही, पण पीडी-१ नावाच्या ब्रेकमुळे थबकतात. औषध हा ब्रेक सोडवतं, एवढंच. गाठीत परके तुकडेच नसतील तर ब्रेक सोडून गाडी जाणार कुठे?

आता काच. चारही प्रथिनांचे आयएचसी स्टेन (अँटिबॉडीने प्रथिनाला रंग देणारी चाचणी) करतात आणि गाठीच्या पेशींच्या केंद्रकात रंग आला का ते बघतात. ही प्रथिनं जोडीने राहतात: एमएलएच१बरोबर पीएमएस२, एमएसएच२बरोबर एमएसएच६. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ला आधार उरत नाही, तेही जातं. पण पीएमएस२ एकटं जाऊ शकतं, एमएसएच६ही. म्हणून ‘फक्त एमएलएच१ नाही, पीएमएस२ ठीक’ असं रिपोर्टात दिसलं तर आधी स्टेनवर शंका घ्यावी.

सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार त्याच काचेवर असतो: गाठीशेजारच्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) आणि आधार-ऊतीच्या पेशी. त्यांच्या केंद्रकात रंग हवाच. त्याही कोऱ्या असतील तर ‘प्रथिन नाही’ असं म्हणता येत नाही, काच वाचण्याजोगी नाही असं म्हणावं लागतं. घाईत हा फरक सुटतो आणि सगळा घोळ इथून सुरू होतो.

बहुतेक वेळा कोरेपणाचं मूळ नमुना टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये असतं. १० टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन हवं, नमुन्याच्या निदान दहापट. फॉर्मॅलिन आत शिरायला वेळ घेतं, त्यामुळे आतडं न उघडता तसंच बरणीत कोंबलं तर कडा पक्क्या होतात आणि मधला भाग सडत राहतो. शनिवारी काढलेलं आतडं सोमवारपर्यंत न कापता पडून राहिलं की हेच होतं. त्यापेक्षा शस्त्रक्रियेआधीच्या कोलोनोस्कोपीतले बारीक तुकडे बरे. ते लवकर आणि सारखे पक्के होतात, स्टेन स्वच्छ येतो. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये तर हे तुकडेच वापरावेत, कारण रेडिएशन-केमोनंतर काढलेल्या नमुन्यात एमएसएच६चा रंग खोटाच फिका पडतो.

उलटी चूकही होते. जनुकात एकच अक्षर बदललेलं असेल तर प्रथिन तयार होतं, केंद्रकात जाऊन बसतं, रंगही घेतं. फक्त काम करत नाही. काच ‘ठीक’ म्हणते आणि रुग्ण औषधाला मुकतो. इथे पीसीआर (डीएनएचा ठरावीक भाग वाढवून बघणारी चाचणी) उपयोगी पडतो. बॅट-२५, बॅट-२६, एनआर-२१, एनआर-२४ आणि मोनो-२७ या पाच जागांची लांबी मोजायची. दोन किंवा जास्त जागी बदल दिसला की अस्थिरता जास्त, म्हणजे दुरुस्ती बंद. पण तुकड्यात गाठीच्या पेशी वीस टक्क्यांहून कमी असतील तर बदल निरोगी डीएनएखाली दबून जातो. म्हणून काचेवर गाठीभोवती पेनने रेघ मारून तेवढाच भाग खरवडून घ्यावा. रुग्णाला दुसऱ्या शहरात पाठवताना नुसत्या रंगवलेल्या काचा देऊ नका, ब्लॉक (मेणात बसवलेला मूळ नमुना) द्या. त्याच्यावरून नवी काप घेता येते.

एमएलएच१ गेलेलं असेल तर पुढचा प्रश्न औषधाचा नसून घराचा आहे. म्हाताऱ्या माणसांत हे जनुक बऱ्याचदा मिथायलेशनने (रासायनिक खूण बसून) नुसतं बंद पडतं, वंशात काही नसतं. आतड्याच्या गाठीत ब्रॅफ व्ही६००ई हा जनुकबदल सापडला तर लिंच सिंड्रोम (वंशातून आलेला हाच दुरुस्तीचा बिघाड) जवळपास बाद. गर्भाशयाच्या कॅन्सरला हा नियम लावू नये. तिथे मिथायलेशनच तपासावं. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गेलं असेल तर मात्र थेट रक्ताची जनुकीय चाचणी. एमएसएच२ गेलेल्यात शेजारचं एपकॅम जनुकही बघायला सांगा, नाहीतर तिथला तुटलेला तुकडा निसटतो. लिंच निघाल्यास भावंडं-मुलांची चाचणी, आणि एमएलएच१ वा एमएसएच२ असेल तर विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी. ‘आमच्यात पोटाचे आजार असतातच’ हे वाक्य ऐकलं की तीन पिढ्यांचा वंशवृक्ष तिथेच काढून घ्यावा. मिशिगनच्या ऑल्ड्रेड वॉर्थिन यांनी १८९५मध्ये आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचं असंच बोलणं मनावर घेतलं, त्यातूनच या आजाराचा माग लागला.

औषध देणं त्यामानाने सोपं. पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, म्हणजे १०० मिलिग्रॅमच्या दोन बाटल्या. सलाइनमध्ये मिसळताना पिशवी हळू उलटीसुलटी करायची, हलवायची नाही. प्रथिन आहे, गुठळ्या होतात. ३० मिनिटांत, बारीक फिल्टर लावलेल्या नळीतून. थायरॉइडची तपासणी सुरुवातीला आणि मग नियमित. रोज चार-सहा जुलाब जास्त होऊ लागले तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडवर भागवू नये; हा औषधाने पेटलेला कोलायटिस (आतड्याचा दाह) असू शकतो आणि त्याला स्टेरॉइड लागतं, तेही निदान चार आठवडे हळूहळू उतरवत.

टाटा मेमोरियलच्या डोक्या-मानेच्या कॅन्सरवरच्या अभ्यासात पीडी-१चाच ब्रेक सोडवणारं निव्होलुमॅब अवघं २० मिलिग्रॅम वापरलं होतं. तो आकडा पाहून इथेही डोस कमी करावा का, असं विचारलं जातं. तिथे सोबत तीन औषधं होती, आजारही वेगळा. आतड्याला तो हिशेब लावू नये.

पहिला स्कॅन साधारण नऊ आठवड्यांनी. गाठ वाढलेली दिसली तर धक्का बसतो, पण योग्य निवडलेल्या रुग्णांतही हे होतं: किनोट-१७७ अभ्यासात पेम्ब्रोलिझुमॅब घेतलेल्या २९.४ टक्के रुग्णांत आजार वाढलाच, केमोच्या गटात १२.३ टक्के. रुग्णाची तब्येत बरी असेल तर चार ते आठ आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करतात. त्या मधल्या वेळात जुना ब्लॉक मागवून घ्या: आधी फक्त आयएचसी झाली असेल तर पीसीआर करा, फक्त पीसीआर झाला असेल तर चारही स्टेन, आणि काच वाचणारे डोळे पहिल्या वेळचे नसावेत.